मास्तरबाईंचं कपाटातलं सासर

मास्तरबाईंनी आयुष्यात कुठल्याही शाळेत एक दिवस शिकवलेलं नाही. कपडे शिवणाऱ्या पुरुषाला सगळं जग टेलरमास्तर म्हणतं, मग मी काय कुणाचं घोडं मारलंय, असा त्यांचा सवाल होता. दुकान उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात तो त्यांनी असा ठणकावून विचारला की गल्लीने मुकाट्याने मान डोलावली. आता साठी उलटली, तरी त्यांचं खरं नाव विजेच्या बिलाशिवाय कुठे सापडत नाही. कोटाच्या बाह्या आखूड करायच्या, पँटची कंबर सैल करायची, पडद्यांना काठ घालायचा, हा त्यांचा धंदा. एखादं गिऱ्हाईक लाजत म्हणायचं, "जरा वजन वाढलंय," की त्या टेप लावता लावता म्हणायच्या, "वजन कुठलं, पँटच भित्री निघाली तुमची."

लग्न त्यांनी केलं नाही. सासर मात्र होतं, आणि ते दुकानामागच्या खोलीत लोखंडी कपाटात राहत होतं.

ते सासर म्हणजे जुने सोव्हिएत कॅमेरे. फेड, झोर्की, कीव्ह अशी त्यांची नावं, पण मास्तरबाईंना ती अक्षरं वाचता येत नव्हती आणि वाचायची गरजही वाटत नव्हती. सगळ्यांत जड, कोरडा आणि शिस्तीचा होता तो 'सासूबाई'. बटण दाबलं की खाडकन बोलणारा तो 'मोठी नणंद'. दिसायला साधा, पण काम चोख करणारा तो 'धाकटी जाऊ'. प्रत्येकाला त्यांनी जुन्या शर्टाच्या कापलेल्या बाहीत गुंडाळून ठेवलं होतं. दर रविवारी एकेक जण बाहेर निघायचा, दोन हातांत खेळवला जायचा, रस्त्यावर फिरवला जायचा आणि परत आपापल्या बाहीत जाऊन झोपायचा.

सुरुवात झाली होती एका म्हाताऱ्या फोटोग्राफरपासून. त्याच्या कॅमेऱ्यातला पडदा भोकाभोकांचा झाला होता. या कॅमेऱ्यांमध्ये फिल्मच्या पुढे काळ्या रबरी कापडाचा पडदा असतो. लेन्स उघडी ठेवून कॅमेरा उन्हात टाकला, तर सूर्य त्याच्यावर गोळा होऊन भोक पाडतो. म्हाताऱ्याने चारपाच दुरुस्तीवाले पालथे घातले आणि शेवटी विचार केला, कापडच आहे ना, मग टेलरकडे जाऊ. मास्तरबाईंनी दोन वेळा बिघडवलं, तिसऱ्या वेळी जमवलं. म्हाताऱ्याचे हात तोवर थरथरायला लागले होते. तो म्हणाला, "आता हा तुमच्याकडेच नांदू दे." ती सासूबाई.

हे कॅमेरे वापरणं म्हणजे खरोखर सासरी नांदणं. आधी फिल्म पुढे ओढायची, मगच वेगाची चकती फिरवायची. उलट केलं की आतलं यंत्र रुसलंच. फोटो काढतानाही लेन्समधून बघायचं नसतं. वरच्या बाजूला लहानशी खिडकी असते, तिला एक डोळा लावायचा. आत मधोमध एक पिवळसर ठिपका असतो आणि त्या ठिपक्यात समोरच्या माणसाची दोन चित्रं दिसतात. लेन्सचं कडं हळूहळू फिरवत जायचं. दोन नाकांचं एक नाक झालं, की माणूस फोकसमध्ये आला. मास्तरबाईंचं हे काम इतकं पटकन व्हायचं की समोरच्याला हसायलाही वेळ मिळायचा नाही. म्हणून त्यांच्या फोटोत माणसं हसत नाहीत, पण खरी दिसतात.

घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर ती मुलीला घेऊन ताईकडे आली आणि राहिली. काजं करणं, बटणं लावणं, इस्त्री, हिशेब आणि ताईवर ओरडणं ही तिची खाती. मुलगी मोठी झाली, लांबच्या शहरात नोकरीला लागली, तिथे घर केलं आणि आईला बोलवायला लागली. धाकटीचं उत्तर ठरलेलं होतं. "ताईचं कोण बघणार? ती एक वेळ कॅमेऱ्याला तेल घालेल, स्वतः जेवणार नाही." अशी वर्षामागून वर्षं गेली. शेवटी भाची फोनवर रडली तेव्हा मास्तरबाईंनीच फोन हातात घेतला आणि सांगून टाकलं की आई येतेय, तिकीट काढ. धाकटी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने माळ्यावरची बॅग काढली.

मास्तरबाईंची एकच अट होती. जाण्याआधी एक फोटो द्यायचा. धाकटीने उभ्या जन्मात ताईला धड फोटो काढू दिला नव्हता. "मी फोटोत नुकतंच भांडून आल्यासारखी दिसते," असं ती म्हणायची, आणि त्यात तथ्य होतं. या वेळी ती कशीबशी तयार झाली. पण एकदाच, आणि एकच. तो फोटो मास्तरबाईंना हवा होता. ती गेल्यावर त्या घरात समोर कुणीतरी असायला हवं होतं, आणि ते कुणीतरी धूसर असून चालणार नव्हतं.

नेमकं तेव्हाच सासर बिघडलं होतं.

काही महिन्यांपासून मोठ्या नणंदेच्या ठिपक्यात नाकं जुळत नव्हती. दोनाचं एक व्हायचं तिथे एक पुसटसं तिसरं नाक शिल्लक राहायचं. मास्तरबाईंनी कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूचा बारीक स्क्रू काढला, आतला दुसरा स्क्रू केसभर फिरवला आणि लांबच्या धुराड्यावर नजर ठेवून चित्रं जुळवली. मग धाकटी जाऊ काढली, तर तिचंही तेच. मग सासूबाई. एकेक करत त्यांनी सगळं सासर वठणीवर आणलं. सगळ्यांना एकदमच हे कसं झालं, असा प्रश्न एखाद्याला पडला असता. मास्तरबाईंना पडला नाही. जुनी यंत्रं आहेत, हवा दमट झालीय, एवढं कारण त्यांना पुरलं. आपल्या डोळ्यांबद्दल तर शंकाच नव्हती. उलट गेल्या वर्षापासून सुईत दोरा ओवायला त्यांना चष्मा लागेनासा झाला होता. चष्मा त्यांनी खणात टाकून दिला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सुई ओवून दाखवत होत्या. "लोकांचे केस पिकतात, माझे डोळे तरुण होतायत," असं म्हणत होत्या.

धाकटीचा फोटो काढण्याआधी तालीम म्हणून त्यांनी प्रत्येक कॅमेऱ्यात थोडी थोडी फिल्म वापरली आणि नेहमीच्या लॅबवाल्याकडे धुवायला दिली. हा लॅबवाला कमी बोलायचा, आणि बोलला तर काचेवर निगेटिव्ह ठेवूनच बोलायचा.

"मास्तरबाई, हे बघा," तो म्हणाला. "बाकावरचा माणूस धूसर, त्याच्या मागची भिंत स्वच्छ. इथे दुकानातली बाई धूसर, मागची फळी स्वच्छ. सगळ्या कॅमेऱ्यांत फोकस मागेच गेलाय."

"म्हणजे अजून थोडा स्क्रू फिरवायला हवा."

"एवढे सगळे कॅमेरे एकाच बाजूला चुकत नाहीत. कुठल्या डोळ्याने बघता?"

"उजव्या. का?"

"डावा झाका आणि समोरची पाटी वाचा."

मास्तरबाईंनी तोऱ्यात डावा डोळा झाकला. रस्त्यापलीकडच्या पाटीवरच्या प्रत्येक अक्षराला एक भुरकट जुळं भावंड होतं. मग उजवा झाकला. पाटी लख्ख दिसली. त्या पुन्हा पुन्हा हात बदलत राहिल्या, जणू पाटीनेच आता तरी खरं बोलावं. एरवी दोन्ही डोळे उघडे असत आणि डावा उजव्याला सांभाळून घेई. उजवा डोळा एकटा पडायचा तो फक्त कॅमेऱ्याच्या खिडकीत. आणि त्या एका खोट्या डोळ्यावर विश्वास ठेवून त्यांनी चांगले कॅमेरे रांगेने बिघडवून ठेवले होते. मास्तरबाईंना इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. गिऱ्हाइकाच्या एका खांद्यावरून माप घेऊन दोन्ही बाह्या कापाव्यात, तसं झालं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं की मोतीबिंदू आहे. चष्म्याशिवाय सुई ओवता येते म्हणजे डोळे सुधारले असं नाही, मोतीबिंदूच्या सुरुवातीला जवळचं असं बरं दिसू लागतं. ऑपरेशन साधं आहे, पण करायला हवं. नंतर काही दिवस सोबतीला कुणीतरी असलेलं बरं, असंही त्या म्हणाल्या. धाकटीला हे वाक्य कळलं की बॅग परत माळ्यावर जाणार होती. ऑपरेशननंतर दुसरा डोळा, मग गुडघा, मग आणखी काही. एकदा राहिली की ती राहिलीच. तिकडे भाची वाट बघत बसणार, आणि इकडे मास्तरबाई जन्मभर बहिणीला अडवून ठेवल्याचं ओझं वाहणार.

सांगितलं नाही, तरी पंचाईत होती. या दोघींमध्ये गेल्या तीस वर्षांत एक गोष्ट लपून राहिलेली नव्हती.

जाण्याच्या आदल्या दुपारी धाकटी स्वतःच म्हणाली, "काढायचाय ना फोटो? काढ. मग मला बॅग भरायचीय."

दुकानाचं दार लोटून घेतलं. इस्त्रीच्या टेबलाजवळच्या खिडकीतून बरा उजेड येत होता, पण फार नव्हता. लेन्स पूर्ण उघडावी लागणार होती. म्हणजे चार बोटं पुढेमागे झालं की चेहरा गेला. कॅमेरे परत जुळवायला वेळ नव्हता, आणि ठिपक्यावर आता भरवसा नव्हता. पण लेन्सच्या कड्यावर माणूस किती लांब आहे ते सांगणारे मीटरचे आकडे कोरलेले होते, आणि लेन्स काही मास्तरबाईंनी बिघडवली नव्हती. त्यांनी धाकटी जाऊ बाहीतून काढली, तिपाईवर बसवली, कडं दीडच्या आकड्यावर आणलं आणि गळ्यातला टेप उतरवला. शिलाईचा टेप बरोबर दीड मीटरचा असतो.

"हे टोक डोळ्याखाली धर," त्या म्हणाल्या. "स्टूल जरा मागे घे. अजून. बास."

"हे काय नवीन? मला कोट शिवतेयस की फोटो काढतेयस?"

"गप्प बस आणि हलू नकोस."

टेप ताणला गेला. एक टोक धाकटीच्या गालावर, दुसरं कॅमेऱ्याच्या पाठीशी. टेप काढून घेऊन मास्तरबाई वाकल्या आणि त्यांनी कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला. डावा.

धाकटीच्या ते लगेच लक्षात आलं. "डाव्या डोळ्याने कधीपासून बघायला लागलीस?"

आता वळसे घेण्यात अर्थ नव्हता. मास्तरबाईंनी डोळा खिडकीवरून काढला नाही.

"उजव्यात मोतीबिंदू आहे. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. तारीख घेऊन आलेय."

धाकटी स्टुलावरून उठणार, तेवढ्यात मास्तरबाई कडाडल्या, "हलायचं नाही. माप घेतलंय. वीतभर पुढे आलीस तर तू धूसर येशील आणि दुसरा फोटो तू देणार नाहीस, मला माहीत आहे."

धाकटी होती तिथेच राहिली. "मी तिकीट रद्द करते."

"नाही करायचं. लॅबवाला मला दवाखान्यात नेणार आणि आणणार. त्याची बायको दोन आठवडे रात्री इथे झोपणार. औषधाच्या थेंबांच्या वेळा तिला लिहून दिल्यात. मी काल हे सगळं पक्कं करून आले."

"आणि मला आज सांगतेयस."

"तुला काल सांगितलं असतं, तर आज तू बॅग उघडून बसली असतीस."

धाकटीचा ओठ एका बाजूला ओढला गेला, डोळे भरले, आणि सगळा चेहरा मास्तरबाईंकडे यायला निघाल्यासारखा झाला. पण मान जागची हलली नाही.

"मला तू हवीयस गं," मास्तरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला आणि त्यांनी तो सावरला नाही. "रोज हवीयस. म्हणून तर फोटो काढतेय. पण तू जा. पोरगी वाट बघतेय. मी माझं बघते, मला येतं बघता."

त्यांनी बटण दाबलं.

मग धाकटी उठली. तिने ताईची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि उजव्या डोळ्यात निरखून पाहिलं.

"काहीच दिसत नाही इथे," ती म्हणाली.

"मला तरी कुठे दिसतंय," मास्तरबाई म्हणाल्या, आणि दोघी हसतही होत्या आणि नाकही पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी धाकटी गेली. ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. लॅबवाल्याची बायको घोरत होती, पण औषधाची एकही वेळ तिने चुकवली नाही. पुढे मास्तरबाईंनी जवळचं दिसायला खणातून चष्मा शोधून काढला, कपाट उघडलं आणि त्या एकेक कॅमेऱ्याचा स्क्रू पूर्ववत करायला बसल्या. प्रत्येकाची माफी मागितली, सासूबाईंची जरा जास्त.

धाकटीचा फोटो लॅबवाल्याने तोवर मोठा करून आणून दिला होता. आधी पाहिला तेव्हा मास्तरबाईंनी फक्त चेहरा पाहिला होता. चेहरा पापण्यांपर्यंत स्वच्छ होता, नुकतंच भांडून आल्यासारखा आणि भरून आलेला, आणि तेवढ्यानेच त्यांचं समाधान झालं होतं. आता नव्या नजरेने त्यांनी तो खिडकीपाशी धरला, तेव्हा खालची बाजू दिसली. धाकटीचे दोन्ही हात स्टुलाच्या कडेला होते. तिने ती कड इतकी आवळून धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती.