विझलेली हिरवी टिकली

ग्रोनिंगनच्या त्या प्रयोगशाळेत फ्राउकेचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. एकतीस वर्षं ती अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती, आणि तिची चूक काढायची कुणाची छाती नव्हती. काम वरवर साधं. काचेवर एक एकपेशी जीव पसरलेला असतो, त्याच्या पोटात निव्वळ डीएनएची गाठ असते. रोग्याचं रक्त स्वतःच्याच डीएनएवर उलटलं असेल, तर त्यातली प्रतिद्रव्यं या गाठीला चिकटतात, आणि वर रंग लावून सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याखाली धरली की ती हिरव्या टिकलीसारखी चमकते. दोघांनी पाठोपाठ बघायचं, आपापली चिठ्ठी लिहायची, मग चिठ्ठ्या उलटायच्या. जुळल्या नाहीत तर शेरा 'संशयास्पद', आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त.

त्या मंगळवारी फ्राउकेनं 'आहे' लिहिलं. टिकली फिकट होती, म्हणून तिनं काचेचा कोपरान्‌कोपरा पालथा घातला होता. तिच्यामागून बसलेल्या येल्मरनं 'नाही' लिहिलं. त्याला येऊन जेमतेम वर्ष झालेलं, पण न दिसलेलं दिसलं म्हणणारा गडी नव्हे.

रक्त होतं एकोणीस वर्षांच्या मुलीचं. तिची मूत्रपिंडं सुजली होती, ती काही तीन महिने थांबणार नव्हती. आणि खात्री झाल्याशिवाय जहाल औषध द्यायला डॉक्टर सीत्स्के धजत नव्हती.

दहाच्या कॉफीला येल्मर तोंडावरच म्हणाला, "फ्राउके, डोळे तपासून घे. तिथं काळोखाशिवाय काही नाही."

फ्राउकेला राग आला, चांगलाच आला. कप तसाच ठेवून ती पुन्हा काचेपाशी गेली. बघते तर खरंच काळोख. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ती परत आली आणि सगळ्यांदेखत बोलली.

"तुझे डोळे ठीक आहेत, माझेही ठीक आहेत. ही टिकली दिव्याखाली विझते. मी इतका वेळ बघत बसले, की तुझ्यासाठी काही उरलंच नाही."

"मग आता?"

"त्याच रक्ताची नवी काच कर. आणि आधी तू बस."

दुपारी येल्मर आधी बसला. फ्राउके मागून गेली आणि पाच आकडे मोजून उठली. चिठ्ठ्या उलटल्या. 'आहे', 'आहे'.

मुलीला त्याच दिवशी औषध सुरू झालं. फ्राउकेनं मात्र घरी जायला कोट घातला नाही. कपाटातून तिनं 'संशयास्पद' शेऱ्याचे जुने कागद काढले, आणि जिथं तिनं 'आहे' व तिच्यामागून बसलेल्यानं 'नाही' लिहिलं होतं, ते येल्मरपुढे ठेवत गेली.

"या सगळ्यांना बोलावून घे," ती म्हणाली. "जे अजून असतील त्यांना."