नजरेतलं भोक

मुलांनो, विद्यापीठात आमचे शरीरशास्त्राचे सर नुसतं सांगत नसत, करून बघायला लावत. एकदा फळ्यावर फुली काढून ते तिच्या उजवीकडे उभे राहिले. “डावा डोळा झाका आणि फुलीकडेच बघत हळूहळू मागे सरका.” मी सरकले, आणि सरांचं डोकं नाहीसं झालं. खांद्यांवर नुसता काळा फळा दिसत होता.

“बरं झालं, आता रागावणार कोण!” शेजारची मैत्रीण हसली.

सर म्हणाले, “हे भोक नजरेत कायमच असतं. मन ते न विचारता भरून टाकतं.”

परवा डॉक्टर म्हणाले, “आजी, काचबिंदूने तुमची अर्धी नजर गेली आहे.” मला तर सगळं अखंड दिसतं. काल फोनवर तुमचे चेहरेही पूर्ण दिसले. त्यातलं किती मीच भरलं, कोण जाणे. सुट्टीत नक्की या. मला तुमचे चेहरे हाताने चाचपून बघायचे आहेत.