गच्चीवरची धाव

लॉकडाऊनमध्ये धुळ्यात समोरच्या गच्चीवर एक मुलगी रोज पहाटे पाण्याच्या टाकीभोवती धावायची. नाव मी कधी विचारलं नाही. तयारी पोलीस भरतीची, आणि हायवेवर धावायला गेली तर पोलिसांनीच दांडा उगारून घरी पिटाळलेलं. वळताना ती कठड्याला हात टेकायची, तेवढाच विसावा.

एकदा मी ओरडलो, "ताई, दम खा जरा! भरती कुठे पळून जाते?"

"भरती नई जात भाऊ, वय जास," ती धापा टाकत म्हणाली. "दुकानं, मैदानं, बठ्ठं बंद शे, वय तेवढं चालू शे. भरतीनी वयमर्यादा यंदा संपस मनी."

सरकारने गाड्यांच्या परवान्यांना मुदतवाढ दिली, कर्जाच्या हप्त्यांनाही दिली. हिच्या वयाला द्यायचं तेवढं तोवर कुणाला सुचलं नव्हतं. ती थकून फरशीवर बसली, मग उठून पुन्हा धावू लागली.