ओट्याला चिकटलेली सतरंजी

सौमित्रचा खोकला साधनाच्या डोक्यातून जात नव्हता. लाकूड घासताना पोरगा तोंडाला रुमाल बांधतो की नाही, कोण जाणे. अमरावतीत त्याला विचारणारं कोणी नाही. आणि आईनं फोन करावा, तर त्यानं जाताना घातलेली अट आडवी येत होती.

पुण्याची नोकरी सोडून त्यानं अमरावतीला जुन्या लाकडी सामानाच्या दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. साधना लोकांना ‘फर्निचरचा व्यवसाय’ सांगायची, वर ‘हाताखाली माणसं आहेत’ असंही जोडायची. हाताखाली कोणी नव्हतं. त्याचेच दोन हात होते, नखांत पॉलिश भरलेले.

उन्हाळ्यात तो अकोल्याला, जठारपेठेतल्या घरी आला तो परसातला सागवानी ओटा दुरुस्त करायला. त्याच्या बाबांनी, चिंतामण मास्तरांनी, परतवाड्याहून फळ्या आणून तो करवून घेतला होता. असेपर्यंत संध्याकाळचे तिथेच बसायचे. ते गेल्यावर फळ्या काळ्या पडल्या, काही कुजल्या. सौमित्रनं कुजक्या बदलल्या, बाकीच्या घासल्या, तर आतून मधासारखा रंग निघाला. मग जवसाचं तेल पाजलं.

“आई, तेल मुरेपर्यंत यावर कोणी पाय ठेवायचा नाही.”

दुसऱ्याच दिवशी मूर्तिजापूरचे धर्मेंद्रराव आपल्या मुलीसाठी, देवश्रीसाठी मुलगा पाहायला आले. घरात उकडत होतं. साधनानं लगबगीनं बैठकीतली सतरंजी ओट्यावर अंथरली.

“आई, अगं...”

“चूप रे! पाव्हण्यांना काय उभं ठेवतोस?”

धर्मेंद्ररावांनी बसल्याबसल्या सतरंजीबाहेरच्या फळीवरून हात फिरवला. “काम लय साफ आहे, ताई. कोणाचं?”

“आहे एक सुतार,” साधना बोलून गेली.

“आमच्या माडीच्याबी फळ्या गेल्या. नंबर द्या न त्याचा.”

“घ्या काका, लिहून घ्या,” म्हणत सौमित्रनं स्वतःचाच नंबर सांगितला.

पाव्हणे गेल्यावर त्यानं रंधा, पटाशी पिशवीत भरली.

“अरे, लग्न जमेपर्यंत तरी...”

“तुले माझी लाज वाटते तं वाटू दे. पण त्याईले खोटं काहून सांगतलं? पहिले त्याईले खरं सांग, मंग मले फोन कर.” आणि खोकत खोकत तो बसस्टँडकडे निघून गेला.

सतरंजी निघता निघेना. साधनानं जोर केला तेव्हा निघाली, पण तिचे लाल धागे फळ्यांवरच राहिले, नेमके मास्तर बसायचे तिथे. रोज चहा घेताना तेच समोर.

काल धर्मेंद्ररावांचा निरोप आला. मुलगा पसंत होता. सुताराला फोन करायला मात्र त्यांना अजून जमलं नव्हतं. साधनानं देवापुढे साखर ठेवली, पण तो प्रसाद काही तिला गोड लागला नाही.

आज दुपारी ती नखानं ते धागे खरवडत बसली. थोडे निघाले, थोडे लाकडात रुतले होते. ते सौमित्रच काढू जाणे. आता खरं सांगितलं तर हे स्थळ जाईल. जाईल तर जाईल.

तिनं फोन हातात घेतला. सौमित्रचं नाव सगळ्यात वर होतं. ते तसंच राहू देऊन तिनं धर्मेंद्ररावांचा नंबर शोधायला घेतला.