विहीणबाईंच्या नावावर

बुऱ्हाणपूर ते तुकईथड या रस्त्यावर जेवढी म्हणून मांजरं आहेत, तेवढी सगळी आमच्या विहीणबाईंच्या येण्याजाण्याची वेळ पाहूनच रस्ता ओलांडतात, असं माझं ठाम मत आहे. नाहीतर एकाच बाईला इतकी मांजरं आडवी जाणं शक्य नाही. विहीणबाई म्हणजे माझ्या मुलीच्या, पूर्वाच्या, सासूबाई. राहणार तुकईथड, केळीची बाग, दारात दोन म्हशी, आणि आवाज असा की फोन नसता तरी तो आम्हाला इथे शहरात ऐकू आला असता. मांजर आडवं गेलं की त्या असतील तिथे उभ्या राहतात, आणि दुसरं कुणीतरी पुढे गेल्याशिवाय हलत नाहीत. एकदा खकनारच्या स्टँडजवळ भर उन्हात त्यांनी हात दाखवून एका अनोळखी मोटरसायकलवाल्याला थांबवलं. त्याला वाटलं, बाईंना कुठे सोडायचं असेल. "नाही रे बाप्पा, तू फक्त पुढे जाय," या म्हणाल्या. तो गेला, पण स्वभावानं भला असावा, बाईंना चक्कर वगैरे आली नाही ना म्हणून वळून परत आला. त्याबरोबर या भडकल्या. "परत कायले आला? आता पुन्हा जाय!"

शिंकेचंही तसंच. बस सुटता सुटता कंडक्टर शिंकला म्हणून त्या पिशव्यांसकट खाली उतरल्या आणि पुढच्या बसची वाट पाहत बसल्या, ती आल्यावर आधी कंडक्टरला "सर्दी नाही ना तुले?" असं विचारून मगच चढल्या. घरातून निघाल्यावर काही विसरलं म्हणून मागे फिरणं तर त्यांच्या लेखी महापाप. पूर्वाला पाहायला आल्या तेव्हा चष्मा घरी राहिला होता. अंगण ओलांडल्यावर आठवलं, पण फिरल्या नाहीत. आमच्याकडे आल्या, आणि माझ्या धाकट्या बहिणीची, दोन मुलांच्या आईची, ओटी भरून तिच्या तोंडात पेढा घातला. हनुवटी धरून म्हणाल्या, "नाकीडोळी चांगली आहे पोरगी. जराशी मोठी दिसते, पण चालते." सगळे हसून बेजार झाले. त्या मात्र गंभीर. "चष्म्यासाठी मागं फिरली असती तर सोयरीक मोडली असती," म्हणाल्या, आणि दुसरा नारळ काढून पूर्वाच्या ओटीत घातला. दुसरा नारळ आधीच आणलेला होता, म्हणजे असं काही होणार याचीही तयारी होती.

आमच्याकडे येताना त्या कधी डझनभर केळी आणत नाहीत. अख्खा घड आणतात. "डझन दुकानदार देतात, सोयरे नाही." जाताना इथली मावा जिलेबी नेतात, आणि ती उपासाला चालते यावर त्यांचं एक पूर्ण शास्त्र आहे: मावा दुधाचा, साखर उसाची, तूप म्हशीचं, आणि म्हशी तर दिवसभर गवतच खातात, म्हणजे त्याही उपासाच्याच. हे ऐकून मी त्यांना म्हटलं होतं, "मग पेंड खाल्ली तर?" तर म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुम्ही फार खोलात जाता."

मास्तरीणबाई म्हणजे मी. शाळेत विज्ञान शिकवते. ग्रहणाच्या दिवशी मुलांसमोर उभी राहून बिस्किट खाते, त्यांची भीती जावी म्हणून. आमच्या स्टाफरूममध्ये विहीणबाईंची नक्कल हा मधल्या सुट्टीतला ठरलेला कार्यक्रम होता, आणि ती मी फार छान करायची. पदर खोचून, एक पाय अधांतरी ठेवून, "तू फक्त पुढे जाय" म्हटलं की बाकीच्या बाया डबे बाजूला ठेवून हसायच्या. मी एरवी कमी बोलणारी; कुणी माझ्या बोलण्याला हसतंय याचं मला फार अप्रूप होतं. हे सगळं आधी सांगते आहे, कारण पुढचं सांगायला जीभ रेटत नाही.

पूर्वाचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे. गणपतीचे दिवस होते. डॉक्टरबाईंनी दिलेली तारीख उलटून तीन-चार दिवस झाले, आणि कळांचा पत्ता नाही. दवाखान्यात गेलो तर खाली गल्लीत ढोलाची प्रॅक्टिस चाललेली, त्यामुळे डॉक्टरबाई जरा मोठ्यानंच बोलत होत्या. "बाळ छान आहे, पाणी पुरेसं आहे. हवं तर आपण स्वीप करू शकतो. म्हणजे आतून तपासताना बोटानं बाळाभोवतीचा पातळ पडदा गर्भाशयाच्या तोंडापासून जरा मोकळा करायचा. त्यानं कधी कधी एक-दोन दिवसांत कळा आपोआप सुरू होतात, कधी काहीच होत नाही. दुखतं, कुणाला थोडं, कुणाला बरंच. थोडा रक्ताचा डागही दिसू शकतो."

"नहीं किया तो चलेगा ना, मॅडम?" पूर्वानं विचारलं.

"चालेल ना. काही दिवस वाट पाहू, तपासत राहू. मग गरज पडली तर कळांचं औषध. घरी जा, विचार कर. तुला हवं असेल तरच करायचं."

परत येताना रिक्षातच पूर्वाचा विचार पक्का झाला होता. "मला थांबायचंय मम्मी. अंदर से कोई हाथ लगाए, सोचके ही कैसा होता है. बाळ ठीक आहे तर मग येऊ दे ना त्याच्या त्याच्या वेळेला." मी मान डोलावली. डोलावली, आणि मनात कॅलेंडर उघडलं. गणपती जाणार, आणि लगेच पितृपक्ष लागणार.

हे लिहिताना आजही कान तापतात. माझा धाकटा भाऊ पितृपक्षातला. त्याच्या बारशाला आलेल्या बायका पाळण्यात डोकावून चुकचुकल्या होत्या. पुढे त्यानं कपबशी फोडली तरी, नापास झाला तरी, "त्या पंधरवड्यातला ना तो," हे आमच्या आईनं जन्मभर ऐकलं. मी लहानपणी ते ऐकत वाढले, मग विज्ञान शिकले, मग शिकवायला लागले, आणि मला वाटलं की ते गेलं. गेलं नव्हतं. नात किंवा नातू त्या पंधरवड्याच्या आधी व्हावा, असं मला इतकं वाटत होतं की रात्री झोप लागेना. पण हे पूर्वाला सांगणार कोण? ग्रहणात बिस्किट खाणारी आई?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली. "मम्मी, तुला काय वाटतं, खरं सांग. करून घेऊ का?"

आणि मी म्हणाले, "मला काही नाही गं. पण तुझ्या सासूबाईंच्या मनात आहे, पितरांच्या आधी व्हावं असं."

"आई असं म्हणाल्या?"

"फोनवर म्हणाल्या. तुला सांगू नका म्हणाल्या, तू मनाला लावून घेशील म्हणून."

इतकं सहज जमलं. विहीणबाईंच्या नावावर काहीही सांगा, खरंच वाटणार. ज्या बाई मांजरासाठी मोटरसायकल थांबवतात, त्या पितृपक्षाला भिणारच. मला खोटं रचावंही लागलं नाही, ते तयारच होतं; आणि "सांगू नका म्हणाल्या" एवढं जोडल्यावर पूर्वा त्यांना विचारणार नाही, याचीही सोय झाली. ती बराच वेळ नखं खुडत बसली. मग म्हणाली, "ठीक आहे. एवढ्यासाठी कायको उनका मन दुखाना."

मी तिच्याबरोबर आत होते. तिनं माझा हात धरला होता. डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं, "तुझी इच्छा आहे ना? मध्येच थांब म्हणालीस तर थांबेन." पूर्वानं हो म्हटलं. फार वेळ लागला नाही, पण माझ्या हातावर तिच्या बोटांच्या खुणा उठल्या. तिनं आवाज केला नाही. लहानपणी इंजेक्शनला करायची तसे ओठ आत ओढून घेतले. घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत पोटात मुरडा येत राहिला, डाग दिसला, मी घाबरून फोन केला. डॉक्टरबाई म्हणाल्या, इतकं होतं, काळजीचं नाही, वाढलं तर या. वाढलं नाही. कळाही आल्या नाहीत. गणपती गेले. पौर्णिमा गेली. माझी नात पितृपक्षात, तिच्या तिच्या वेळेला, काही त्रास न देता, सकाळच्या उन्हात जन्मली.

विहीणबाई दुपारी पोचल्या. एका हातात जिलेबीचा पुडा, दुसऱ्या हातात केळीचा घड, आणि धाप लागलेली. दवाखान्याच्या गल्लीत मांजर आडवं गेलं होतं म्हणे. "मग?" मी विचारलं. "मग काय? मांजरीले म्हटलं, आज तू थांब, मले घाई आहे." सगळे हसले. त्यांनी बाळाला घेतलं, उजेडाकडे धरून पाहिलं, चष्मा लावून पुन्हा पाहिलं. आणि तेव्हा पूर्वा, दमलेली, उशीला टेकून बसलेली, हळूच म्हणाली, "आई, एक बोलू? तुमच्यासाठी मी ते स्वीप करून घेतलं. बहुत दुखा. पितरांचं तुमच्या मनात होतं तर तुम्ही मलाच सांगायचं ना. मम्मीला कशाला मध्ये घातलं?"

विहीणबाईंनी बाळ उराशी धरलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी थर्मासचं झाकण फिरवत होते. ते घट्ट बसलेलंच होतं, तरी फिरवत होते. त्यांना कळलं. मग त्या पूर्वाकडे वळून म्हणाल्या, "व्हय व बाई. चुकलं माझं. तुलेच विचारायले पायजे होतं. पुन्हा नाही बोलणार असं."

बाहेर व्हरांड्यात मी त्यांच्यामागे गेले. शब्द जुळवत होते, तोवर त्याच म्हणाल्या, "राहू द्या मास्तरीणबाई. माझ्या नावावर इतकं खपते, अजून एक खपलं." आणि मग, जणू भाजीचा भाव सांगताहेत अशा सुरात, "तुमचे व्याही पितरायच्या दिवसातलेच आहेत. आमच्याकडे तर ते चांगलं मानतात. पितर जेवतात आन् परत जातात, एखादा मायेपोटी राहून जाते." पदर सावरून म्हणाल्या, "तुम्ही मले एक फोन केला असता तर सांगतलं असतं. आता तिले सांगजा तुम्ही. मी नाही सांगणार."

मी सांगितलं नाही. आज सांगू, बारशानंतर सांगू, ती सासरी जाण्याआधी सांगू. पूर्वा गेली. तिच्या नवऱ्याच्या नोकरीमुळे दोघं इंदूरला असतात. विहीणबाईंचा तिला पूर्वी रोज फोन यायचा, शनिवारी केस धुवू नको, दारात कात्री ठेवू नको, तासभर. तो आता आठवड्यातून एकदा येतो, "जेवली का? पोरगी बरी आहे? ठेवते," आणि बंद. पूर्वाला वाटतं, आई बदलल्या. मला माहीत आहे, त्या बोललेल्या शब्दाला जागताहेत. पुन्हा नाही बोलणार, म्हणाल्या होत्या. स्टाफरूममध्ये बाया अजूनही म्हणतात, कर ना गं नक्कल. मी डब्यात पाहते.

आता पूर्वाला पुन्हा दिवस गेले आहेत. मागच्या महिन्यात माहेरी आली होती. कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली, "मम्मी, इस बार आईंना डेट नाही सांगायची. फिर वही प्रेशर होगा. तू पण नको सांगू हां." नात ओट्याखाली बसून वाटीत वाटी घालत होती. मी सुरी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. भावाचं बारसं, कॅलेंडर, न आलेला फोन. मध्ये कुठे थांबले नाही, कारण थांबले असते तर पुन्हा काही तरी दुसरंच सांगितलं असतं.

पूर्वा ऐकत राहिली. कोथिंबिरीची एक काडी ती फार वेळ निवडत होती. रागावली नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "त्या दिवशी तू हात धरला होता ना माझा." मग हात पुसून तिनं फोन उचलला.

"आई, मी बोलतेय. डेट मिळाली. लिहून घ्या."

पलीकडून आवाज आला, फोन लांब धरूनही घरभर ऐकू गेला, पूर्वीसारखा. "अवं थांब थांब! आत्ताच इथं कोणी शिंकलं. आता नको सांगू. पाच मिनिटानं सांगजो, मी इथंच बसली आहे."

"बरं," पूर्वा म्हणाली. फोन ठेवला नाही तिनं. तसाच कानाशी धरून, खिडकीबाहेर पाहत उभी राहिली, ओठांवर हसू, डोळ्यांत पाणी. मी कोथिंबीर गोळा केली, ओटा पुसला, पुन्हा पुसला. पाच मिनिटं होईपर्यंत तिनं एकदाही वळून माझ्याकडे पाहिलं नाही.