आपांनी बंद केलेलं लॉगिन

“चालून राहिलंय की, आपा,” असं नवा प्रोग्रॅम दाखवत मी म्हटलं की त्या चष्म्यावरून बघायच्या. “चालतंय ते दिसतंय. नको त्याला अडवतंय का, ते सांग.”

लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये आपा संगणक विभागाच्या प्रमुख होत्या. विभाग म्हणजे त्या आणि मी. मुलांचे गुण, पालकांचे नंबर, हॉस्टेलची खोली, सगळं आमच्या ॲपवर. लॉगिन आपण बनवायचं की हेच काम करणाऱ्या एखाद्या कंपनीकडे सोपवायचं, असं क्लासच्या सरांनी विचारलं, तेव्हा आपा ठाम होत्या. “पोरांची माहिती परक्याच्या हाती कशाला?” लॉगिन त्यांनी स्वतः लिहिलं. बऱ्याच मुलांच्या घरात एकच मोबाइल, तोही वडिलांबरोबर शेतात. अशा मुलांना ओटीपी कुठून मिळणार? म्हणून पासवर्ड जन्मतारखेचा ठेवला.

ॲपवरच्या सराव परीक्षेच्या आदल्या दुपारी जळकोटचे एक शेतकरी मुलीला घेऊन आले. कुणी अनोळखी माणूस तिला फोन करून तिचे गुण आणि खोली नंबर सांगत होता.

“त्याला कुटून कळलं?” वडिलांनी विचारलं.

आपांनी सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या. एकाच ठिकाणाहून कुणीतरी मुलींच्या नावांवर एकामागून एक जन्मतारखा टाकून बघत होतं. त्या क्षणीही.

सर आत आले. “उद्या परीक्षा आहे. ती होऊ द्या, मग बघू.”

आपांनी सर्व्हर बंद केला. “उद्या कागदावर घ्या, सर.”

सर लालबुंद झाले. मला वाटलं, आपांची नोकरी गेली. त्या मात्र वडिलांकडे वळल्या. “चूक माझ्या कामात हाय, भाऊ. तुमच्या पोरीची काहीच न्हाई.”

“पोरीला घिऊन चाललो,” एवढंच ते म्हणाले.

लॉगिन दुरुस्त करता येईल, असं मी सुचवून पाहिलं. आपांचं गाव औशाजवळ. “आमचं घर अब्बांनी सोताच्या हातानं बांधलं होतं. लई अभिमान होता त्यांना. भूकंपात माझा धाकटा भाऊ त्याच भिंतीखाली गेला. आपण बांधलं म्हणून पक्कं, असं मी तरी म्हणायला नको होतं.”

पोलिसांत तक्रार झाली. माणूस सापडला नाही. आपांनी स्वतःचं लॉगिन काढून ते काम कंपनीकडे दिलं. पण एका मोबाइलच्या घरांना रोज ओटीपी लागू नये, यासाठी त्या कंपनीच्या माणसांशी आठवडाभर भांडल्या. मग जळकोटला फोन केला.

पुढे त्या नांदेडला गेल्या आणि आमची भेट राहूनच गेली. मला आठवते ती बापलेक परत आल्याची सकाळ. नवीन पासवर्ड ठरवायचा होता. वडिलांनी मोबाइल पुढे केला. “तुमीच टाका, मॅडम. तुमच्यावर भरवसा हाय.”

“न्हाई भाऊ. पोरगी टाकंल.”

आपांनी मोबाइल मुलीच्या हातात दिला. मग त्या उठून खिडकीशी गेल्या आणि ती “झालं” म्हणेपर्यंत आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.