हमीदसरांनी सोडलेला डाव

हमीदसर मुल्ला यांची आणि माझी पहिली ओळख वडूजच्या एका बुद्धिबळ स्पर्धेत झाली. कुंडलच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या सरांनी मला हरवले आणि उठताना, "वकीलसाहेब, घाई लय करताय," एवढेच ते म्हणाले. पुढे अनेक वर्षे आम्ही प्रतिस्पर्धी राहिलो. हरलेल्याला चहा पाजून, त्याची चूक समजावून दिल्याशिवाय सर स्पर्धेतून निघत नसत.

आज त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायला बसलो, तर एकच डाव डोळ्यांपुढे येतो.

विश्रामबागेतल्या स्पर्धेची शेवटची फेरी होती. आमच्यापैकी जिंकेल तो विजेता. सरांना तो मान कधीच मिळाला नव्हता. मी दोन प्याद्यांनी पुढे होतो, चाल सरांची होती. एकाएकी छातीत कळ आली आणि मी पटावरच कोसळलो. सरांनीच मला रिक्षात घातले, आणि शस्त्रक्रिया होईपर्यंत ते दवाखान्यातून हलले नाहीत, हे नंतर पत्नीने सांगितले.

तिने चषक पुढे ठेवला तेव्हा मी चक्रावलो. डाव अर्धा टाकून गेलेला मी, विजेता कसा? पंचांना फोन केला. ते म्हणाले, "तुम्हाला उचलतानाच सर म्हणाले, मी डाव सोडला. आम्हाला काही सुचेचना."

तो डाव सर तसेही हरतच आले होते, अशी मी मनाची समजूत घातली.

बरा झाल्यावर चषक घेऊन साताऱ्याहून थेट कुंडल गाठले. तोच डाव पुन्हा मांडला. सरांनी आपला वजीर माझ्या राजाशेजारी आणून ठेवला. तो हत्तीने मारण्यावाचून मला गत्यंतर नव्हते. मग त्यांचा घोडा उठला आणि माझ्यावर मात झाली. मी पटाकडे पाहतच राहिलो.

"सर, ही चाल तुम्हाला तेव्हा दिसली होती?"

"व्हय."

"मग डाव का सोडलात?"

"तुमी पडला हुता. पडलेल्या माणसाकडनं काय जिंकायचं?"

"आणि आज?"

"आज तुमी बरं झालाय न्हवं?"

मी चषक त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो परत माझ्याकडे सारला. "न्या. सोडलेला डाव मागं घेत न्हाईत."

त्या दिवसाचा धक्का अजून ओसरलेला नाही, आणि तो ओसरूही नये. सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि त्यांच्याकडून हरण्याचे भाग्य मला आणखी पुष्कळ वर्षे मिळत राहो.